तीन नंबरच्या मशीनवरचं उत्तर

आमच्या क्लासात पहिला धडा गेली नऊ वर्षं एकच आहे. प्रोग्रामने नाव विचारायचं, वय विचारायचं, वयात एक मिळवायचा आणि छापायचं, पुढच्या वर्षी तुमचं वय इतकं. चार ओळी. उत्तर साठवायला व्हेरिएबल लागतो; तो म्हणजे चिठ्ठी लावलेला डबा समजा, असं मी सांगते. एवढ्यावरही कुणी डोकं खाजवत बसलं की माझा पारा चढतो. माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको.

खोली स्पेअर पार्टच्या दुकानावर. सहा मशीन, भिंतींनाही ग्रीसचा वास. तीन नंबरवर शिंपीणबाई बसायच्या. त्यांच्या कारखान्यात कापड बेतायला कॉम्प्युटर आला होता, आणि शिकाल तर टिकाल असं साहेबाने सुनावलं होतं. नवरा बोटीवर कामाला गेला तो तीन वर्षं बेपत्ता. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, सगळ्या क्लासला माहीत होतं.

स्वतःचं नाव घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्यांचं घालू?"

"घाला की. मशीनला काय, सगळे सारखे."

त्यांनी नाव टाकलं, एंटर दाबलं आणि बोटांना लागलेला खडू पुसायला हात पदराशी नेले. पडद्यावर प्रश्न आला, वय? मी मागेच उभी होते. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. प्रश्नापुढे 44 उमटलं.

पुढच्या वर्षी तुमचं वय 45.

"मी एक्केचाळीस लिहिणार होते," बाई म्हणाल्या. "गेले तेव्हाचं." मग बोटांवर तीन मोजले.

मी चारही ओळी तपासल्या. त्यात चव्वेचाळीस कुठेच नव्हतं. तेच नाव मी माझ्या मशीनवर घातलं, तर प्रोग्राम गुमान वयाची वाट बघत राहिला. बाईंनी तीन नंबरवर घातलं की मात्र उत्तर हजर. आठवडाभर रोज दुपारी 44. बाईंचा चेहराच पालटला. एकदा तर चक्क हसल्या, "तिथेही वाढदिवस मोजतायत म्हणायचं."

मला ते हसू बघवेना. खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

शुक्रवारी त्या कागद घेऊन आल्या. नवरा हयात नाही असं माझं मत आहे, खाली सहीची जागा. दीर खाली गाडी लावून थांबले होते. कागद द्यायचा ती कचेरी पाचला बंद होणार होती. "सही केली की संपलं सगळं, मॅडम. आधी एकदा विचारू द्या."

शेवटी त्यांनी पाचवी ओळ जोडली: जिवंत आहात का? वयाच्याच ओळीची नक्कल करून फक्त प्रश्न बदलला. ती ओळ नुसते आकडे घेते, अक्षर आलं की प्रोग्राम मोडतो. नवशिके हटकून करतात ही चूक. एरवी मी लांबून ओळखते. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

नाव. 44. मग नवा प्रश्न. या वेळी उत्तर लगेच आलं नाही. बाईंनी माझं मनगट धरलं होतं.

थांब

त्याखाली लगेच लाल ओळी. आकडा हवा होता, मिळालं 'थांब'. प्रोग्राम बंद पडला.

"म्हणजे आहेत!" बाई उठल्याच.

"बसा खाली!" मी ओरडले. "अहो, कुणीतरी टवाळ नेटवरून तुमची थट्टा करतोय. दाखवते." मी ओळ दुरुस्त केली, मशीनच्या पाठची नेटची वायर उपटली आणि त्यांना पुन्हा नाव घालायला लावलं.

वय?

काहीच आलं नाही. दहा मिनिटं, वीस. चाळीस.

"पटलं?" मी म्हटलं. "सही करा आणि मोकळ्या व्हा."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना लाज वाटली असावी, एवढ्या जणांसमोर. खालून दिरांची हाक आली, "वहिनी, साडेचार झाले!" बाईंनी कीबोर्डवरच कागद टेकवून सही केली आणि जिना उतरल्या. बाकीचेही एकेक करून गेले.

मी मशीन बंद करायला वळले. वायर अजून माझ्या हातात होती.

44.

मी खिडकीकडे धावले. "बाई! अहो बाई, थांबा!"

गाडी कोपऱ्यावरून वळत होती. मी फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा. माझ्या आवाजावर त्या भडकल्या असणार, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पाच वाजून गेले.

मी तीन नंबरपाशी परत आले. 44 नंतर शेवटचा प्रश्नही पडद्यावर आला होता. जिवंत आहात का?

पुढे उत्तर आलेलं होतं.

आत्तापर्यंत होतो.