चारूच्या नडगीची सोसकरी

दुपारच्या निवांत घरात फडताळावरची डबी टिंग करून वाजली. वैजयंतीने हातातली लाटी परातीत ठेवली. म्हणजे आत्ता मैदानावर तिच्या चारूची उजवी नडगी जोरात दुखली होती. चारूला मात्र ते कळलंच नव्हतं. कळलं होतं चाळीसगावच्या कुसुमताई ठोंबऱ्यांना.

वाढत्या वयात फार धावलं की गुडघ्याखालच्या हाडावर ताण येतो, नडगी ठणकायला लागते. दुखणं औषधाने नुसतं मारलं तर मूल हाड मोडेपर्यंत धावत राहील. म्हणून 'दुखबदली' निघाली. पायाकडून मेंदूकडे निघालेला दुखण्याचा निरोप वाटेतच उचलायचा आणि दुसऱ्याच्या मेंदूत पोचवायचा. त्या माणसाने साधं ठणकणं सोसायचं, धोक्याची कळ आली की बटण दाबायचं. मग मुलाच्या मनगटावर आणि घरच्या डबीत घंटी वाजे. अशा माणसाला सोसकरी म्हणत.

वैजयंतीने सगळ्यांत आधी स्वतःचं नाव दिलं होतं.

"रक्ताचं नातं इथे उपयोगी नाही हो," डॉक्टर तडवी म्हणाले होते. "दोन मेंदूंचा सूर जुळावा लागतो, दोन तंबोरे लावतात तसा. तुमचा जुळत नाही."

"नऊ महिने पोटात होती ती माझ्या."

"खरंय. पण तपासणीत ते कुठे दिसत नाही."

तिने पदराला हात पुसले आणि चाळीसगावला फोन लावला. "ताई, जास्त आहे का?"

"उतरली आता. थांबली ना ती लगेच, शहाणी आहे. डाव्या पायापेक्षा उजवा जोरात आपटते बघा, वळणावर तर फारच."

अकरा वर्षांत हे वैजयंतीच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हाला उगाच त्रास आमच्यामुळे."

"त्रास कसला? मेसच्या पोळ्या लाटत दिवसभर एका जागी उभी असते मी. माझ्या पायाला या वयात धावायला मिळालं. संध्याकाळी तेल लावते आणि विचारते त्याला, काय चारूबाय, दमलात का?"

चारूबाय. आणि तेल.

तेल वैजयंतीचं होतं. ओवा घालून कोमट केलेलं. रोज संध्याकाळी चारू तिच्या मांडीवर पाय टाकायची आणि चोळून होईपर्यंत शाळेतलं सगळं सांगायची, कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत. दुखबदली लावल्यापासून सहा महिन्यांत ती बाटली हलली नव्हती. आता पोरगी घरी आली की आधी चाळीसगावला फोन लावी. "मावशी, आज माझा पाय कसाय?" मग दोघी खिदळत बसत.

शुक्रवारी वैजयंती दवाखान्यात गेली. "बंद करा दुखबदली."

"रविवारी तिची जिल्ह्याची निवड आहे ना? दोन दिवस थांबा."

"नको, आजच."

डॉक्टरांनी अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, सोसकरीला त्रास होतो.

"त्यांची तर काहीच तक्रार नाही."

"त्या बोलायच्या नाहीत हो."

डॉक्टरांनी अर्जावर सही केली. मग त्यांनी चाळीसगावची जोडणी तोडली.

शनिवारी संध्याकाळी चारू भिंतीला धरून घरात आली. "आई गं," म्हणत तिने दारातच बसकण मारली. वैजयंतीने तिला उचलून आत आणलं. तेलाची वाटी गॅसवर ठेवली, ओवा टाकला. चारूने न सांगता पाय मांडीवर टाकला, डोकं आईच्या खांद्याला लावलं. अगदी पहिल्यासारखं.

"सरांनी माझं नाव काढलं उद्याच्या यादीतनं. म्हणाले, लंगडत कशी धावणार?" ती हुंदके देत होती. "मावशींना रोज एवढं दुखायचं?"

"उगी, माझ्या सोन्या. मी आहे ना." वैजयंती घोट्यापासून वर हलक्या हाताने चोळत होती. हाडाच्या कडेला कुठे जास्त दुखतं, ते बोटांना आपोआप आठवत होतं. घरात ओव्याचा वास भरला. "अजून काय काय झालं शाळेत?"

बाहीने डोळे पुसून चारूने मान वर केली आणि कितीतरी वेळ आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आई," तिने विचारलं, "तू हसतेयस का?"