बाकावरची जागा

“बाई शिकवतात उत्तम,” वाद्यांच्या दुकानात पियानोचे सूर जुळवणारा म्हातारा ट्यूनर म्हणाला होता, “फक्त मुलीला आत एकटी सोडू नका.”

दुकानाच्या फलकावरची बाईंच्या शिकवणीची चिठ्ठी काढून पर्समध्ये ठेवताना तिला हसू आलं होतं. एकटी! जी आई झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, तिला हे सांगायचं? सहा वर्षांच्या पोरीनं जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून महिनाभर डोकं उठवलं होतं आणि जवळपास पियानो शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाईंचं घर चौथ्या मजल्यावर. फिनेलनं पुसलेली फरशी, बंद दाराची खोली, खिडकीला जाळी. ती जाळी तिनं हलवून पाहिली. पक्की होती.

“पालक बाहेर बसतील,” बाई म्हणाल्या. “पहिलं वर्ष फक्त उजवा हात. डावा मांडीवर.”

“बाक मोठा आहे हो. घसरून पडायची.”

“दोघींचा आहे तो.”

दर शनिवारी चार वाजता ती पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून कान देऊन ऐके. लेक एकच धून घोटायची. करंगळी पुरत नसल्यानं एका ठिकाणी नेमका एक स्वर गळायचा, मग स्वतःवरच वैतागून ती “च्” करायची. चौथ्या शनिवारी त्या धुनेखाली जड, संथ स्वरांची साथ आली. बाई वाजवत असतील. साथ समंजस होती. लेक अडली की तीही थांबायची.

सातव्या शनिवारी बाई पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आत साथ चालूच होती.

“मग साथीला कोण आहे?”

“आधीची विद्यार्थिनी. डावा फार गोड आहे तिचा.”

“किती वर्षं शिकतेय?”

बाईंनी आठवून पाहिलं. “मी लहानपणी इथे शिकायला आले, तेव्हा होतीच.”

ती खुर्चीवरून ताडकन उठली. आतले स्वर थांबले.

“आई,” दाराआडून लेकीचा आवाज आला, “ही म्हणते, जागा बदलू या. बदलू?”

तिच्या तोंडून नेहमीचंच निघालं, दिवसातून पन्नास वेळा निघतं ते. “हो गं बाई, काय हवं ते कर, पण आधी बाहेर ये!”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. लेक बाहेर आली आणि खाली बसून बुटांच्या नाड्या बांधू लागली. तिला नाड्या बांधता येत नसत.

दुसऱ्या मजल्यावर पोहोचतात तोच वर धून सुरू झाली. साथीशिवाय, एकाच हाताची. नेमक्या जागी स्वर गळला.

मग “च्”.

बाईच असतील, असं म्हणून तिनं वर पाहिलं. बाई कठड्यावरून वाकून पाहत होत्या. ग्लास अजून हातातच होता.

तिनं लेकीचा हात घट्ट धरला. लेकीनं पुढे केला होता तो डावा.

जेवताना चमचाही डाव्या हातात आला. “माझी आत्या डावखुरी होती,” नवरा हसून म्हणाला. “तू म्हणजे ना, दोरीला साप म्हणायला बसलेलीच असतेस!” लेक टेबलाशी सरळ बसली होती. खुर्चीचा उजवा अर्धा भाग तिनं मोकळा सोडला होता.

त्यानंतर बाईंनी तिला कधी दार उघडलं नाही. महिन्याभरानं दुकानाच्या फलकावर मात्र त्यांची नवी चिठ्ठी लागली: एक जागा आहे. ट्यूनरनं टाचणी तेवढी दिली. चिठ्ठीखाली तिनं आपला कागद लावला.

‘तुम्ही मुलीला घेऊन तिथे जाल, तेव्हा कृपा करून आत एकदा डोकावून बघा. उजव्या हातानं वाजवणारी, करंगळी न पुरणारी एक मुलगी दिसली, तर तिला सांगा, आई खालीच उभी आहे. आणि तिनं काहीही विचारलं, तरी हो म्हणू नका.’