भोकाभोकांची थाळी

उस्ताद ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला बहाल केली होती, त्यामुळे ती काढून घेण्याची कुणाला सोय नव्हती. खडूस या टोपणनावानंच ओळखल्या जाणाऱ्या तपासनिसाच्या कचेरीत तो 'बस' म्हणायच्या आधीच बसला आणि ड्रमच्या संचातली, झांजेसारखी एक थाळी टेबलावर आदळली. थाळीला मुद्दाम पाडलेली भोकं होती; काठी बसली की खरखरीत, फुटका आवाज यावा म्हणून. आता ती खरोखरच फुटली होती. एका भोकापासून काठापर्यंत तडा गेला होता.

"परदेशी कारागिरानं हातानं घडवलेली," उस्ताद म्हणाला. "अशी दुसरी मिळायची नाही. काल संध्याकाळी मी स्वतः पॉलिश केली, तेव्हा अखंड होती. पॉलिशला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मग माझी मेहुणी सरावाला बसली, आणि सकाळी हे."

उद्याच्या रेकॉर्डिंगला उस्तादच्या बँडनं त्याच्याऐवजी मेहुणीला बसवायचं ठरवलं होतं. नासधूस तिनं केली असं तपासनिसाच्या तोंडून निघालं, की ती बाहेर. तिच्या सख्ख्या बहिणीनं, म्हणजे उस्तादच्या बायकोनं, सकाळपासून तिचा फोन उचलला नव्हता. हे सांगताना उस्तादची मान ताठ झाली होती.

खडूसचा बालमित्र डेंटिस्ट दवाखाना बंद ठेवून असल्या तपासात लुडबुड करायचा. त्यानं थाळी उलटसुलट केली. कंपनीचा छाप कुठेच नव्हता. तड्यात पांढरी बारीक रेघ होती.

"धूळ," डेंटिस्ट म्हणाला. खडूसनं ती रेघ नखानं खरवडून पाहिली.

दुपारी ते सरावाच्या हॉलवर गेले. बँडची गायिका म्हणाली, गेले काही दिवस ती थाळी जास्तच खरखरत होती. सगळ्यांना तो आवाज इतका आवडला, की उस्तादनं कौतुकही करून घेतलं. हॉलच्या मालकीणबाईंचं वेगळंच गाऱ्हाणं होतं. उस्ताद स्टँडचा नट इतका आवळायचा, की थाळीला डुलायला जागाच राहत नसे. मेहुणी बसली की आधी तो सैल करायची, आणि उस्ताद तिला अडाणी म्हणायचा.

मेहुणी कोपऱ्यात काठ्या घेऊन बसली होती. काल थाळी वाजवलीस का, असं खडूसनं विचारलं.

"वाजवली. आवाज रोजच्यासारखाच आला," ती म्हणाली. "मी नाही फोडली. पण ताईच ऐकून घेत नाही, तर तुम्ही कशाला ऐकाल?"

डेंटिस्टला पोरीची कीव आली. तिनंच फोडली असणार, याबद्दल मात्र त्याची खात्री झाली.

खडूसनं उस्तादसकट सगळ्यांना समोर बसवलं.

"अक्कल गहाण टाकून केलेली लबाडी बघायचा मला कंटाळा आला आहे," तो म्हणाला. "ही रेघ धुळीची नाही. पॉलिश वाळलं की असं पांढरं होतं. ते तड्याच्या आत आहे. म्हणजे पॉलिश करताना तडा होता. आणि पॉलिश कुणी केलं, हे या गृहस्थांनीच सांगितलंय. डेंटिस्ट, तू रोज लोकांच्या तोंडात तडे बघतोस ना रे?"

डेंटिस्ट ओशाळला.

"नट आवळला की थाळी डुलत नाही, सगळा मार एकाच जागी बसतो. फुटली ती यांच्याच हातून, केव्हाच. मुळातच फुटका आवाज देणारी वस्तू, म्हणून कुणाला कळलं नाही. बँडमधली जागा मेहुणीकडे जाईपर्यंत यांनीही सांगितलं नाही."

"पण फुटकी थाळी पॉलिश कशाला करेल कुणी?" गायिकेनं विचारलं.

"सवय. परदेशी कारागीर वगैरे थापा आहेत. दुकानात शिकाऊंना देतात ती ही, सगळ्यात स्वस्त. छाप दिसू नये म्हणून रोज पॉलिशनं घासून घासून पुसलाय. वाजत होती उत्तम; पण यांना वाजवण्यापेक्षा मिरवायचं होतं. तडा गेला तरी हात थांबला नाही."

गायिका मेहुणीला म्हणाली, उद्या तूच बस. तिनं मान हलवली, पण नजर उस्तादवरच होती.

"दाजी, ताईला फोन लावा. इथं, सगळ्यांसमोर."

त्यानं लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ताईचा आवाज आला.

"काय हो, हाकललं का तिला?"