दुसऱ्या टोकाची मूठ

आयली कांगासला जी वस्तू मागल्या हिवाळ्यापासून हवी होती, ती एका अनोळखी मनुष्याच्या खांद्यावर होती, आणि तो मनुष्य ती घेऊन आपल्या ट्रककडे निघाला होता.

सप्टेंबरातला शनिवार होता. हॉब्सन बाईंचे यजमान निवर्तल्यानंतर त्यांनी कोठारातील सारे सामान विक्रीसाठी अंगणात मांडले होते. आमच्या किनाऱ्यावरील रीतीप्रमाणे अर्धे गाव वस्तू घेण्यास जमले होते आणि उरलेले अर्धे कोण काय घेतो हे पाहण्यास. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता. हवाच ओली होती, आणि त्या ओल्या हवेत आयलीच्या कपाळावरील केस चिकटून बसले होते, कारण ती धावत आली होती.

"अहो, थांबा! ती पट्टी माझी आहे."

तो मनुष्य वळला. त्याच्या खांद्यावर सात फूट लांबीची पोलादी पट्टी होती आणि तिच्या एका टोकास हाताने धरावयाची उभी मूठ होती. जुन्या काळी आमच्या जंगलात दोन माणसांची साखळी-करवत चालत असे, त्या करवतीचे हे दुसरे टोक. एक माणूस इंजिनाकडे उभा राहावयाचा, दुसरा या मुठीकडे.

"तुमची?" तो म्हणाला. "हॉब्सन बाई तर म्हणाल्या, पैसे दिले की माझी."

"माझ्या बाबांची आहे. हॉब्सनकाकांनी तीस वर्षांपूर्वी उसनी नेली होती."

"आणि तीस वर्षांत कुणी मागायला आलं नाही?"

"आमच्या घरात उसनं दिलेलं मागत नाहीत."

"मग आत्ता काय चाललंय?"

 आयलीला हसू आले, आणि ते लपविण्यासाठी तिने खाली पाहिले. "आत्ता… मागतेय."

त्याचे नाव क्लेम ऑडेट. महिनाभरापूर्वीच तो आमच्या गावी लाकडांचा ट्रक हाकण्यास आला होता आणि ही पट्टी त्याला आपल्या खोलीच्या भिंतीवर टांगावयाची होती.

"भिंतीवर?" आयली म्हणाली. "ती काय गळाला लागलेला मासा आहे?"

"बरं, बाकीची करवत कुठाय?"

"आमच्या कोठारात. इंजिन आहे, पण बंद पडलेलं."

"म्हणजे डोकं तुमच्याकडे आणि शेपूट माझ्याकडे." त्याने पट्टी खांद्यावरून उतरवून तिच्यापुढे उभी धरली, पण सोडली नाही. "देतो. एका अटीवर. करवत चालू झाली, की ही शेपूट मीच धरणार."

"पन्नास किलोचं धूड आहे. हात उखडतील."

"हात माझे आहेत ना? उखडू देत."

ही अट आयलीने मान्य केली. तिला दुसरा इलाज नव्हता, असे ती पुढे सर्वांना सांगत असे.

तिला करवत कशासाठी हवी होती, ते येथे सांगणे आवश्यक आहे. आयलीकडे वडिलांची मासेमारीची बोट होती, आणि त्या बोटीच्या दोन्ही अंगांच्या फळ्या कुजल्या होत्या. नव्या फळ्या विकत घेणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. बोट वसंतात पाण्यात उतरली नाही, तर तिला गाव सोडून शहरात बहिणीकडे जाणे भाग होते. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातील कचेरीत बहिणीने जागाही सांगून ठेवली होती. परंतु मागल्या हिवाळ्यात सर्वांत मोठ्या उधाणाने देवदाराचा एक प्रचंड ओंडका आणून त्यांच्या घराखालच्या खडकांत अडकविला होता. सहा फूट व्यासाचा, साठ फूट लांब, आतून निरोगी. तो उचलण्याचा परवानाही तिने काढला होता. मात्र सबंध ओंडका ओढणे कोणासही शक्य नव्हते; बुंध्याकडचा वीस फुटांचा तुकडा कापून वर ओढावा लागणार होता. एका बाजूस खडक असल्याने आजच्या छोट्या करवती तेथे अर्ध्यापर्यंतही पोचत नव्हत्या. आणि भरतीच्या कोष्टकात तसेच मोठे उधाण चोवीस नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता लिहिलेले होते. ते उधाण ओंडका जसा आणला तसा घेऊनही गेले असते; आणि कापलेला तुकडा खडकांतून उचलण्यास पाणीही तेच हवे होते.

क्लेमने हे सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "शहर आवडतं तुम्हाला?"

"नाही."

"मग उद्या येतो."

इंजिन उघडले तेव्हा पंख्याच्या झाकणाखाली उंदराचे घरटे निघाले. पिस्टन गंजून जागीच बसला होता. आयलीचे वडील आर्व्हो कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसत. आयुष्यभर करवत धरून त्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत व बधिर होत, कान तर केव्हाच गेले होते. मात्र जीभ शाबूत होती.

"तेल ओत प्लगच्या भोकातून," ते ओरडून म्हणाले. "आणि हातोडी लांब ठेव. नऊ दिवस नुसतं थांबायचं."

नऊ दिवस करण्यासारखे काहीच नव्हते. तरीही क्लेम नऊही दिवस आला. आयली कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव आणी, आणि दोघे त्या अचल पिस्टनकडे पाहत बसत.

"हा पोरगा रोज पिस्टन बघायला येतो," आर्व्हो सातव्या दिवशी म्हणाले, "पण पिस्टनकडे काही बघत नाही."

"बाबा!"

"ओरडू नकोस, मला ऐकू येत नाही."

दहाव्या दिवशी पिस्टन हलला. त्यानंतर काम भराभर पुढे गेले. ठिणगी पाडणारे पॉइंट घासण्यासाठी आयली वाकली की तिच्या केसांची एक बट पुढे येई. तिचे हात काळे असत म्हणून ती मान झटकी, आणि बट पुन्हा पुढे येई. क्लेमचे हात स्वच्छ असत. त्याने ती बट कधीही मागे सारली नाही. परंतु प्रत्येक वेळी त्याचा हात किंचित उचलला जाई व परत गुडघ्यावर जाऊन बसे. आयलीला हे दिसत असे.

कार्बुरेटरमधला बुचाचा तरंगता तुकडा पेट्रोल पिऊन जड झाला होता. नवा कोरला, पण त्यावर लेप हवा होता.

"नेलपॉलिश चालतं," क्लेम म्हणाला. "आहे तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? मी नखं रंगवून कुणाला दाखवू? माशांना?"

दुसऱ्या दिवशी त्याने गावातील एकुलत्या एका दुकानातून भडक लाल रंगाची बाटली आणली. सायंकाळपर्यंत ही वार्ता सर्व गावात झाली होती, आणि टपाल घेण्यास गेलेल्या आयलीला तीन बायकांनी नखे दाखव म्हणून अडविले.

नोव्हेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात करवत सुरू झाली. दोरी ओढून क्लेमचे खांदे भरून आले, आर्व्हो प्रत्येक ओढीगणिक शिव्या मोजत होते, आणि एकोणिसाव्या ओढीला निळा धूर व असा आवाज निघाला की ऐकू न येणारे आर्व्होसुद्धा खुर्चीवरून उठले. त्यांनी तळवा इंजिनावर ठेवला आणि थरथर अनुभवत उभे राहिले. आनंदाच्या भरात आयलीने आपले काळे हात क्लेमच्या शर्टाला पुसले, आपण काय केले हे ध्यानात येताच ती म्हणाली, "अय्या… धुऊन देते."

"नको. राहू दे तसाच."

चोवीस तारखेस सकाळी आठ वाजता ते खडकांवर उतरले. धुके पाण्यावर बसले होते. आर्व्हो वरती ट्रकपाशी, ओढयंत्राच्या दोरखंडाजवळ होते. दोरखंड बुंध्यास आधीच बांधलेला होता. आयली किनाऱ्याच्या बाजूस इंजिन घेऊन उभी राहिली आणि क्लेम पलीकडील खडकावर मूठ धरून. दोघांमध्ये सहा फूट देवदार होता.

"अंगठा लक्षात आहे ना?" तिने विचारले.

या करवतीचे वंगण मुठीतील छोट्या टाकीत असे. मुठीवरच्या माणसाने दर श्वासास अंगठ्याने दट्ट्या दाबावयाचा, तेव्हा साखळीवर तेल पडावयाचे.

"आहे हो."

साखळी लाकडात शिरली. तांबूस भुसा कारंज्यासारखा उडू लागला आणि देवदाराचा गोडसर वास धुक्यात पसरला. आयलीने शरीराचा सारा भार तोलून धरला होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, गालावर भुसा होता. दोन फूट कापून झाले. पाचरी ठोकल्या. मग वास बदलला. क्लेमच्या टोकाकडून धूर निघाला, पट्टीचा रंग निळा पडला, साखळीने एक किंकाळी फोडली आणि करवत लाकडातच गच्च रुतली.

"तेल!" वरून आर्व्हो गरजले. "तेल काय माझी आजी येऊन घालणार होती?"

आयलीने इंजिन बंद केले. "तू दाबलंस नाहीस?"

रागाच्या भरात तिने प्रथमच त्याला एकेरी हाक मारली, आणि ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

क्लेमने अंगठ्याकडे पाहिले. तो दट्ट्याच्या बाजूला निवांत पडलेला होता. "नाही दाबलं," तो म्हणाला. "सुरुवातीला दाबलं. मग… राहिलं."

"मी विचारलं होतं तुला!"

"हो. माझी चूक आहे. नव्या करवती आपलं तेल आपणच पितात, हाताला सवय नाही." तो जरा थांबला. "आणि तेही खरं कारण नाही. मी तुझ्याकडे बघत होतो."

पाणी खडकांच्या फटींतून वर चढत होते. आयलीचे डोळे भरून आले होते, परंतु ते कशाने, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

"क्लेम, हा ओंडका गेला, तर मी जाणार. कळतंय ना तुला?"

"कळतंय म्हणूनच बघत होतो," तो म्हणाला. "वाटलं, नीट बघून घ्यावं."

 तिने खिशातून पान्हा काढला आणि त्याच्याकडे फेकला. "टोकाचं चाक मोकळं कर. मी साखळी सैल करते. आणि आता माझ्याकडे बघायचं नाही. अंगठ्याकडे बघायचं."

चाक मोकळे करण्यास पाऊण तास लागला. रॉकेल ओतले, लाकडी ठोकळ्याने ठोकले, तापलेल्या पोलादाने क्लेमचे दोन हातमोजे जाळले. साखळी पुन्हा बसविली तेव्हा आयलीच्या बुटांत पाणी शिरले होते आणि ओंडक्याचे दूरचे टोक हळूच डुलू लागले होते.

दुसऱ्यांदा दोरी ओढली तोच इंजिन लागले. या वेळी क्लेमने मान वर केली नाही. तो खाली पाहून मोठमोठ्याने आकडे मोजत होता, प्रत्येक आकड्यास एकदा दाबत. एवढ्या आवाजात ते कोणासही ऐकू येणे शक्य नव्हते, परंतु आयलीला त्याचे ओठ हलताना दिसत होते. तीन फूट. चार. लाटेचे पाणी भुश्यासह तिच्या गुडघ्यांवर आपटले. पाचव्या फुटाला लाकूड कण्हल्यासारखे वाजले.

"पाय मागे घे!" ती ओरडली, आणि हातानेही खूण केली.

ओंडका दुभंगला. चाळीस फुटांचा मोठा भाग जणू झोपेतून उठावा तसा वळला, खडकाला एकदा घासला आणि धुक्यात निघून गेला. बुंध्याचा तुकडाही तरंगू लागला, तोच वरून आर्व्होंनी दोरखंड ताणला. पाण्यानेच त्याला उचलून दिले, ओढयंत्राने वर घेतले. वीस फूट देवदार गवतावर येऊन पडला, आणि त्याच्या ताज्या कापावरून पाणी ठिबकू लागले.

क्लेम खडकावरून कमरेएवढ्या पाण्यात उतरून, करवतीचे आपल्याकडील टोक उचलून, किनाऱ्यास आला. दोघांनी करवत गवतावर ठेवली.  

"झालं तर मग," क्लेम म्हणाला. "फळ्या होतील?"

"दोन्ही बाजूंच्या. वर थोड्या उरतीलही."

"म्हणजे माझं काम संपलं."

आयली बूट काढून त्यातले पाणी ओतत होती. तिने वर न पाहता म्हटले, "फळ्या बसवायला तांब्याचे खिळे लागतात. एक माणूस बाहेरून ठोकतो आणि एक आत, अंधारात, ओणवा होऊन खिळ्यामागे लोखंड धरून बसतो. फार कंटाळवाणं काम आहे."

"किती खिळे?"

"दीड हजार."

"म्हणजे हिवाळाभर."

"हिवाळाभर."

"आणि नंतर? बोट चालवायला किती माणसं लागतात?"

"एक पुरतो." तिने दुसरा बूट काढला. त्यातही पाणी होते. "पण मला एकटीनं जायचं नाहीये, क्लेम. तू विचारलंस, म्हणून सांगितलं."

"मी कुठं विचारलं? मी माणसं विचारली."

"तेच ते."

त्याने आपला कोट काढून तिच्या ओल्या पायांवर घातला, आणि तिच्या कपाळावरील बट, भुश्यासकट, बोटांनी हळूच मागे सारली. आर्व्होंनी ट्रकमधून हे पाहिले. त्यांनी एकदा खाकरले, तोंड समुद्राकडे वळविले आणि थर्मासातील कॉफी तीन पेल्यांत ओतू लागले.