बाकावरच्या माणसाचे ओठ

माझं काम आवाजांचं होतं. आमच्याकडे त्या काळी सिनेमा मुकाच चित्रित व्हायचा. संवाद, पावलं, बशांचा किणकिणाट, सगळं नंतर एका अंधाऱ्या दालनात पडद्याकडे बघत बघत चढवायचं. चिखलासाठी मी ओली फडकी आपटायची, आगीसाठी कडक कागद चुरगळायची. कुत्रं फरशीवर चालायचं असलं, की शिंपी बोटात घालतात ती पत्र्याची टोपणं घालून संगमरवराच्या तुकड्यावर टिकटिक करायची. एर्सिलियासारखं कुत्रं अख्ख्या रोममध्ये कोणी चालवत नाही, असं माझ्याबद्दल म्हणत.

माझा नवरा ओरेस्ते ट्रामचा कंडक्टर. एकाच मार्गावर थांबे पुकारण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही झोपेत पुकारायचा, "पोर्ता माज्जोरे! पिन्येतो! तोर पिन्यात्तारा! चेन्तोचेल्ले!" पहिल्या थांब्यासमोर आमचं घर, शेवटच्या थांब्यापलीकडे माळ. जागेपणी मात्र माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप.

एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात एका दिग्दर्शकाने त्याला भाजीबाजारात हेरलं. गोष्ट एका एकट्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या कुत्रीची होती. नट नको होता, हाच चेहरा हवा होता. दोघांना एकमेकांची सवय व्हावी म्हणून कुत्री आमच्याच घरी आली. नाव ब्रिचोला, म्हणजे पावाचा चुरा. अंग तपकिरी, एक कान पांढरा.

तिच्याशी तो बोलायचा. सकाळी दाढी करताना, बूट घालताना, जिना उतरताना. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तीस वर्षांत न ऐकलेला आवाज होता तो.

आमच्याकडे भाज्यांच्या सूपमध्ये चीजचं कडक सालपट उकळायला टाकतात. शिजून ते मऊ, चिवट, खारट होतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ओरेस्ते ते चमच्याने शोधून माझ्या ताटात घालायचा. आमच्यात प्रेम म्हणावं असं तेवढंच होतं. त्या हिवाळ्यात त्याने ते टेबलाखाली धरलं.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"अगं, तू इतकी वर्षं खातेस. ती बिचारी पाहुणी."

"आणि पाहुणी जाणार कधी?"

तो हसला. "तूही शेपूट हलव, तुलाही देतो."

चित्रीकरण संपलं. ती जाईल या आशेवर मी होते. दिग्दर्शकाने कुत्री त्याला कायमची देऊन टाकली.

एका गुरुवारी ओरेस्ते न्हाव्याकडे गेला, तेव्हा मी ब्रिचोलाला घेऊन ट्राममध्ये बसले आणि शेवटच्या थांब्याला, चेन्तोचेल्लेला उतरले. खिशातलं सालपट माळावर लांब फेकलं. ती धावली. मी परतीची ट्राम पकडली. मागच्या काचेतून ती रुळांवरून पळताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

"दारातून निसटली," मी त्याला सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तिला जिना एकटीने उतरता येत नाही, एर्सिलिया."

एवढंच. नंतर अकरा दिवस तो पावसात तिला हाका मारत हिंडला. बाराव्या दिवशी ताप भरला. मार्चमधल्या सेंट जोसेफच्या सणाआधी तो गेला.

एप्रिलमध्ये त्याच सिनेमावर आवाज चढवायला बसलो. ओरेस्तेला आवाज द्यायला सिन्योर तालामो नावाचा नट होता. आमची पद्धत अशी : प्रसंगाच्या फिल्मपट्टीची दोन टोकं जोडून कडं करायचं आणि ते फिरत ठेवायचं. ओठ आणि आवाज जुळेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. बागेतलं बाक, बाकावर ओरेस्ते, मांडीवर ब्रिचोला. तो वाकून म्हणतो, "चल, घरी जाऊ." बस्स.

तीन फेऱ्या ठीक झाल्या. चौथ्या फेरीला तालामो अडखळला.

"एर्सिलियाबाई, तुमचा नवरा कागदावर आहे त्याहून जास्त बोलतोय."

"तोंडात काहीतरी पुटपुटत असेल," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही सांगा बाई. तीस वर्षं समोर बसून जेवलात."

मी ओठ पाहिले. ते ओठ मला अंधारातही ओळखू आले असते. पोर्ता माज्जोरे.

"थंडी वाजते का, असं विचारतोय," मी म्हटलं.

तालामोने तसं म्हणून पाहिलं. जुळलं नाही. कडं फिरलं. पट्टी तीच, बाक तेच. पुढच्या फेरीला ओठ म्हणाले, पिन्येतो.

"आता वेगळंच वाटतंय," तालामो म्हणाला.

"डोळे दमलेत तुमचे," दिग्दर्शक म्हणाला.

तोर पिन्यात्तारा.

मी टोपणं काढून डबीत ठेवली. हात मांडीवर घट्ट धरले.

चेन्तोचेल्ले.

ओठ मिटले. ब्रिचोलाने पांढरा कान उभारला.

माझ्या पायाशी संगमरवरावर नखं वाजली. टिक टिक टिक. थांबली. मग पडद्याच्या दिशेने गेली.

काचेमागून ध्वनिमुद्रक ओरडला, "वा, एर्सिलिया! अगदी जिवंत कुत्रं! हेच ठेवू या."

पुढच्या फेरीपासून ओठ नुसतं "चल, घरी जाऊ" म्हणू लागले. तालामोचं पहिल्याच झटक्यात जुळलं.

आता मी एक्याऐंशीची आहे. सिनेमा चार-पाच वर्षांतून एकदा टीव्हीवर लागतो. पहिल्यांदा लागला तेव्हा बाकावरचा प्रसंग आला आणि तालामोच्या आवाजाखाली ओरेस्तेचे ओठ म्हणाले, चेन्तोचेल्ले. पुढच्या वेळी तोर पिन्यात्तारा. नंतर पिन्येतो. शेजारच्या फिलोमेनाला शेजारी बसवून दाखवलं. "काकू, नीट तर म्हणतोय की, चल, घरी जाऊ," ती म्हणाली. गेल्या खेपेला पोर्ता माज्जोरे होतं.

या रविवारी दुपारी पुन्हा लागला. मी सूप उकळत ठेवून बसले होते. बाक आलं. तालामोचा आवाज म्हणाला, "चल, घरी जाऊ." ओरेस्तेचे ओठ मिटलेलेच होते.

मी टीव्ही बंद केला. जिन्यावर नखं वाजत होती. मागून त्याची पावलं, सावकाश, तिच्यासाठी पायरीपायरीवर थांबत. आमच्या मजल्यावर दोन्ही थांबली.

मी उठले. दाराकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात गेले, भांड्यातलं सालपट चमच्याने शोधून काढलं आणि गरम गरम, उभ्या उभ्या खाऊन टाकलं.