राजाच्या जागी यॉस

माझी तान्ही बेटकन दुपारी झोपली की मी खिडकीपाशी छपाईचा तांब्याचा पत्रा घेऊन बसते. वर ढगांत गरुडावर बसलेला देव ज्युपिटर, खाली सिंहासनांवर सहा राजे. पत्रा माझ्या नवऱ्याचा, यॉसचा; त्याच्याकडूनच मी कोरायला शिकले. राजा मेला की त्याचं तोंड घासून तिथे नव्याचं कोरायचं, ही अँटवर्पच्या कारागिरांची रीत.

मागच्या वर्षी सहाव्या राजाचं चित्रच वेळेत आलं नाही. यॉसने आरशात बघून आपलंच तोंड कोरलं. आठवड्यात ताप आला, आणि तो गेला.

त्याचं दुसरं चित्र माझ्याकडे नाही.

आज ठसे काढणारा म्हातारा गोमार आला. "लिस्के, तुझा सहावा गेला बरं का! राजे म्हणजे कोबीचे गड्डे, एक कापला की दुसरा. नवा तर अजून रांगतोय म्हणे."

"त्याचं चित्र?"

"कसलं चित्र! दोन गोबरे गाल काढ. बाळं सगळी सारखीच."

तो छपाईच्या चरकाला तेल घालत बसला. मी यॉसचं तोंड घासलं. सावकाश, कपाळापासून. हनुवटी शेवटी. मग पाळण्यात बघून बघून बेटकनचे गाल कोरले.

गोमारने चरक फिरवून ओला कागद उचलला. "डोळे कशाला बदललेस ग?"

"कुणाचे?"

"ह्याचे. देवाचे."

पत्र्यावर ज्युपिटर समोर बघत होता. कागदावर तो खाली बघत होता, सहाव्या सिंहासनाकडे.

पाळण्यात बेटकन कण्हली. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

मला यॉसचा आरसा आठवला.

"अगं, पत्रा फाटेल!" गोमार ओरडला. मी घासतच राहिले. गाल गेले, ओठ गेले. तिथे नुसतं तांबं चकाकू लागलं.

"आता काढा ठसा."

"कोरी जागा उठेल, बाई."

"काढा म्हणते ना!"

कोऱ्या जागी यॉस होता. हात सिंहासनावर नव्हते. पुढे पसरलेले होते.

गोमारने छातीवर क्रूस काढला.

बेटकनचं अंग आता थंड होतं. ती टक्क जागी होती. मी हात पुढे केले.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. यॉसच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून ती हसली, आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.