देवाचं घरटं

साहेब, कासवांची पिल्लं तुम्ही मोजलीत, त्यांच्यासोबत फोटो काढलेत, फलकावर आकडा रंगवलात. त्यात नर किती, हे तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. विचारलं ते अकरा वर्षांच्या वैजूने.

सन २०५१. कोकणातल्या गव्हाळीचा किनारा. वैजूचे बाबा हरेश्वर तिथले कासवमित्र. मादीने वाळूत घातलेली अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायची, कुंपणात नेऊन पुन्हा पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची, हे त्यांचं काम. पूर्वी हे कुंपण सुरूच्या बनात, सावलीत होतं. दहा वर्षांपूर्वी तुमच्या वनखात्याच्या कार्यालयाने ते उघड्या वाळूवर हलवलं. का? पाहुण्यांना गॅलरीतून नीट दिसावं म्हणून!

त्या सकाळी कुंपणातल्या एका घरट्यातून चौऱ्याण्णव पिल्लं वर आली. कासवाचं पिल्लू नर की मादी हे बाहेरून कळत नाही. रक्तातल्या संप्रेरकांवरून (शरीरात निरोप पोचवणाऱ्या रसायनांवरून) कळतं. म्हणून वैजूच्या प्रश्नासाठी कुर्ली नावाचा खेकड्यासारखा यंत्रमानव त्या दिवशी पहिल्यांदाच प्रत्येकाचं टाचणीच्या टोकाएवढं रक्त तपासत होता.

"मादी," कुर्ली म्हणाला. "मादी. मादी. मादी."

चौऱ्याण्णवावं पिल्लूही मादीच निघालं.

"बिघडला मेला," बाबा म्हणाले. "खारं पाणी गेलं असणार डोक्यात."

"मी खेकडा आहे," कुर्ली म्हणाला. "मला डोकं वेगळं नाहीच."

वैजूला हसू आलं नाही. "बाबा, एकही नर नाही?"

"माद्या जास्त तर अंडी जास्त. बरंच की गो!"

"पण नराशिवाय अंडी फळणार कशी?"



कुर्ली बिघडलाय की नाही, ते कसं ओळखायचं? गव्हाळीत एक रीत आहे. हंगामातलं पहिलं घरटं हलवायचं नाही. ते देवाचं. मादीने घातलं तिथेच ठेवायचं, वर फक्त एक टोपली उपडी घालायची. यंदा ते सुरूच्या उरलेल्या चार झाडांखाली होतं. सगळ्यात आधीचं, तरी अजून फुटलं नव्हतं. वैजू तीन दिवस टोपलीपाशी बसून राहिली. चौथ्या सकाळी वाळू हलली.

"नर," कुर्ली म्हणाला. "नर. मादी. नर. नर."

एक्याण्णव पिल्लांत अठ्ठ्याहत्तर नर!

"म्हणजे तू ठीक आहेस," वैजू म्हणाली. "किनारा तोच, अंडी तशीच. वेगळं आहे ते एकच... सावली!"

कुर्लीने एक पाय देवाच्या घरट्यात दीड फूट खोल रोवला. साडेअठ्ठावीस अंश. मग कुंपणात. तेहेतीस.

"या कासवांत लिंगनिश्चिती (नर की मादी हे ठरणं) वाळूची ऊब करते," तो म्हणाला. "तीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात. वाळू थंड असेल तर नर वाढतात, तापली तर माद्या. त्याहून तापली तर पिल्लू अंड्यातच मरतं. थंड वाळूत वाढही हळू होते, म्हणून देवाचं घरटं उशिरा फुटलं."

"मग दहा वर्षांत कुणाला कळलं कसं नाही?"

"कासवाला मोठं व्हायला पंधराएक वर्षं लागतात. आज अंडी घालायला येतात त्या जुन्या माद्या. तोटा अजून वाटेत आहे."

बाबांनी कुंपणाकडे पाहिलं. "मीच पुरली गो ती... या हातांनी."

"आता कुंपणात किती आहेत?" वैजूने विचारलं.

"अडतीस घरटी," बाबा म्हणाले. "सगळी सोळाव्या-सतराव्या दिवसावर."

"नर-मादी ठरतं ते पन्नास दिवसांतल्या मधल्या तिसऱ्या भागात," कुर्ली म्हणाला. "म्हणजे आजपासून."

कुंपणावर सावली करू द्या, असं सांगायला बाबांनी कार्यालयाला फोन लावला. उत्तर आलं, "सावली केली तर गॅलरीतून दिसणार काय? अर्ज करा." अर्ज केला. दोन दिवस गेले. वाळू तापतच होती. वैजूला जेवण जाईना.

तिसऱ्या सकाळी गावातल्या बायांनी झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) आणून टाकली. कुंपणावर सावलीसाठी पहिलं झाप बाबांनी बांधलं. नोकरी जाईल, हे त्यांना माहीत होतं.

"बत्तीस," कुर्ली सांगू लागला. दुसऱ्या दिवशी एकतीस. चौथ्या दिवशी, "तीस."

वैजू त्या दिवशी पोटभर जेवली.

आणि संध्याकाळी तुमचं पत्र आलं: झापं चोवीस तासांत उतरवा.

त्या पत्राखाली वैजूने एकच ओळ लिहून ते परत पाठवलंय. झापं उतरवायला माणसं पाठवण्याआधी ती वाचा, साहेब, आणि लेखी उत्तर द्या:

"पंधरा वर्षांनी या माद्यांसाठी नर कुठून आणणार?"